केसरबाईंचा सहावा पेला

विषय : नागसेनच्या आईला परत पाठवण्याबाबत.
संदर्भ : बी विंग, चौथा मजला, माझ्या समोरचं दार.

सनी, हसू नकोस. उभा जन्म कचेरीत गेला माझा, विषय-संदर्भाशिवाय तोंड उघडत नाही. आणि तो टॉर्च बंद कर. लाइट गेलीच आहे, तर जरा गेल्यासारखी राहू दे.

तर नागसेनला महाळुंग्याच्या कंपनीने नवीन मशीन शिकायला जर्मनीला धाडलं. रविवारी सुट्टी. सोबतचे म्हणाले, इथलं चित्रांचं म्युझियम जगात प्रसिद्ध आहे, न बघता गेलास तर लोक हसतील. लोक हसू नयेत म्हणून माणूस काय काय बघतो! तिकीट काढून हा आत शिरला आणि त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई म्हणजे केसरबाई. उदगीरकडच्या. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूसही या बाईने कधी बिनचहाचा जाऊ दिला नाही. नागसेन एकेक चित्र दाखवत चालला होता. एका चित्रात पांढऱ्या टोपीची गोरी म्हातारी टेबलाशी बसलेली. समोरची खुर्ची रिकामी.

"थांब रे," केसरबाई म्हणाल्या. "ह्या बाई एकल्याच का बसल्यात?"

"आई, चित्र आहे ते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं."

"मग किती दिसाच्या एकल्या हायत बघ की." आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "बाई, या की आमच्याकडं चा प्यायाला. हितं चिखलीत कुणालाबी इचारा."

नागसेन हसला. पहारेकऱ्याने डोळे वटारले. हा पुढच्या दालनात गेला.

"मग आली का ती?" दिपाली, घाई नको. सगळ्या गोष्टींना टपालाचा वेळ लागतो.

नागसेन परत आला. त्यानंतर केसरबाई रोज रात्री दोन पेले मांडायला लागल्या. त्यांच्या लग्नातले स्टीलचे सहा पेले होते, ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेले. सकाळी दुसरा पेला रिकामा असायचा. सुनेला, नेहाला, वाटायचं, नवरा पितो. नवऱ्याला वाटायचं, नेहा.

"आई, आपल्या घरात भूतबित मानत नाहीत," नागसेन म्हणाला.

"भूत कुठं म्हनले मी? पाव्हनी हाय." पेला पुसत म्हणाल्या, "इतक्यांदा येऊन गेल्या. आता मला जायाला पायजे. नुसतं बोलवायचं अन् आपुन जायाचं न्हाई, हे बरं दिसतं का?"

"जा की. पासपोर्ट कुठाय तुझा?"

हा विनोद त्याला अजून झोपू देत नाही.

गेल्या वर्षीची चौदा जानेवारी. मंगळवार. नेहा माहेरी गेलेली. सेकंड शिफ्ट करून नागसेन कंपनीच्या बसमधून उतरला तेव्हा पावणेबारा झाले होते. सगळी विंग अंधारी. फक्त त्याच्या स्वयंपाकघरात दिवा. त्याने वर बघितलं.

खिडकीत दोन डोकी.

एकावर पांढरी टोपी.

तो धावत वर आला. दाराला आतून कडी. त्याने माझं दार ठोठावलं. आम्ही दोघं त्या दाराशी उभे राहिलो. आतून केसरबाईंचा आवाज आला. खुशीतला.

"चला मग..."

खुर्ची सरकली. मग...

काही नाही.

"आई!"

...

खांदे लावून कडी तोडली. गॅसवर चहा उकळत होता. खिडकीला ग्रील, धड. चपला दाराशी. दोन खुर्च्या समोरासमोर. दोन्ही रिकाम्या. मांडणीवर पाच पेले.

पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली. शेवटचं कोणासोबत पाहिलं, असं विचारलं. नागसेनने ‘एकटीच होती’ असं लिहून दिलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

उन्हाळ्यात त्याने म्युझियमच्या वेबसाइटवर ते चित्र शोधून काढलं. मला दाखवायला आणलं. समोरची खुर्ची रिकामी नव्हती. पाठमोरी बाई. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. त्याने म्युझियममध्ये असताना स्वतःच्या मोबाइलवर काढलेला फोटो उघडला. त्यातही तेच.

त्याने म्युझियमकडे विचारणा केली. उत्तर आलं, या चित्रात पहिल्यापासून दोनच स्त्रिया आहेत.

मग मी म्युझियमला पाठवायच्या अर्जाचा मसुदा करून दिला. शेवटची ओळ मात्र नागसेनने स्वतः घातली : आईला परत पाठवणे शक्य नसल्यास निदान तिचे तोंड इकडे करावे.

टेबलावर, त्या पाठमोऱ्या बाईच्या हाताशी, एक भांडं आहे. म्युझियमच्या माहितीत त्याला चांदीचं पात्र म्हटलंय, कडेला ठिपक्यांची परदेशी नक्षी. आम्ही चित्र मोठं करून पाहिलं. ठिपक्यांतली अक्षरं नीट लागतात. के... स... र...

उरलेल्या पाच पेल्यांचा फोटो अर्जासोबत जोडला आहे. पोच आली आहे. अर्ज प्रलंबित आहे.