चार नंबरची गोटी

"काका, खरं सांगा, हे हृदय आहे की बटाटा?"

झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या इतातीनं कागद आन्सेल्मोकाकांच्या नाकासमोर नाचवला. "ज्यानं कुणी ह्या नोट्स लिहिल्यात ना, त्याला आधी बालवाडीत बसवा. अक्षर आहे का हे? शाईत पाय बुडवून कोंबडी फिरून गेलीय नुसती!"

काकांनी मशीनचं झाकण खाली टाकलं, हसू दाबलं आणि तिच्या मागे बोट दाखवलं. "मला काय विचारतेस? त्यालाच विचार. बटाटा त्याचा आहे."

इताती गर्रकन वळली. दाराच्या चौकटीला टेकून एक उंच, हडकुळा मुलगा उभा होता. हातात एम्पानादा, म्हणजे खिम्याची करंजी, तीही अर्धी खाल्लेली, ओठाच्या कोपऱ्यात तिचाच एक कण, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव.

"हृदय आहे ते," तो म्हणाला. "पण... तू म्हणतेस म्हटल्यावर आता मलाही बटाटाच दिसायला लागलाय."

हसायचं नाही असं इतातीनं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

त्याचं नाव लिसांद्रो. शाळेत असताना त्यानं मित्रांसाठी नोट्स काढल्या होत्या. बायॉलॉजी, भाषा, साहित्य, मिळेल त्या विषयाच्या. मित्र पास झाले, त्यांची धाकटी भावंडं पास झाली, आणि बघता बघता अर्धं कोर्रिएन्तेस शहर त्या नोट्सवर परीक्षा द्यायला लागलं. काका त्या छापून विकायचे. लिसांद्रोला त्यातून काय मिळायचं? तर भूक लागेल तेव्हा एम्पानादा. आता तो शिक्षक होण्याचं शिकत होता, पण एम्पानादा काही सुटली नव्हती.

"किती विषय राहिलेत?" त्यानं विचारलं.

"तीन. भाषा, साहित्य, बायॉलॉजी." इतातीनं हनुवटी वर केली. बावीस वर्षांच्या मुलीला हे सांगताना लाज वाटते, ती लपवायची तिची ही पद्धत होती.

"आणि गालावर ही टिकली राहिलीय."

तिनं झटकन गाल पुसला. कार्निव्हलचे दिवस होते. इताती आणि तिची आई घरी बसून नाचणाऱ्यांच्या पोशाखांवर टिकल्या आणि पिसं शिवायच्या. टिकल्या मग केसांत, जेवणात, उशीवर, कुठेही सापडायच्या.

"दुसऱ्या गालावर," लिसांद्रो गंभीरपणे म्हणाला. "राहू दे पण. छान दिसतेय."

"तू सगळ्या मुलींना असंच बोलतोस का रे?"

"नाही. बाकीच्या मुली माझ्या अक्षराला नावं ठेवत नाहीत." मग जरा अडखळत, "हे बघ... अक्षर माझं वाईट आहे, पण तोंड बरं आहे. वाचून दाखवीन. समजावूनही देईन."

"फुकट?"

"बटाट्याची नुकसानभरपाई म्हणून."

आता तिला ह्या परीक्षेची एवढी घाई का, तेही सांगायला हवं. शाळेच्या शेवटच्या वर्षी इतातीची आई आजारी पडली. मुलीनं दप्तर ठेवलं आणि हॉस्पिटलातल्या बाकावर मुक्काम ठोकला. आई बरी झाली. पण त्या दिवसांत एका नर्सनं मायलेकींना असं काही सांभाळलं, की नर्सच व्हायचं, हे इतातीनं तिथेच मनाशी पक्कं करून टाकलं. नर्सिंगच्या शाळेत प्रवेश हवा तर शाळेचा दाखला हवा. दाखला हवा तर हे तीन विषय सुटायला हवेत. मागच्या फेब्रुवारीत बायॉलॉजीनं दगा दिला आणि अख्खं वर्ष गेलं. ह्या फेब्रुवारीतही राहिला असता तर पुन्हा वर्षभर टिकल्याच शिवायच्या होत्या.

तर दोघांचा अभ्यास सुरू झाला. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपायचं, तेव्हा हे दोघं पाराना नदीच्या काठावर लापाचोच्या झाडाच्या सावलीत बसायचे. मध्ये तेरेरेचा थर्मास. बर्फाचं पाणी कडवट पाल्यावर ओतायचं, एकाच नळीनं आळीपाळीनं प्यायचं. ओतायचं काम लिसांद्रोचं. भांडं देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि दोघंही नदीकडे असं बघायचे, जणू नदी आजच तिथे आली आहे.

शिकवायची त्याची रीतही न्यारीच. एक धडा समजावून झाला की म्हणायचा, "आता मी ढ. तू बाई. शिकव मला." आणि खरंच ढासारखे प्रश्न विचारायचा. इताती चिडायची, पुन्हा समजावायची, आणि समजावता समजावता तिलाच उमगायचं. साहित्याच्या नोट्समध्ये प्रेमकविता आली, तेव्हा मात्र ह्या हुशार मास्तरांचे कान लाल झाले.

"पुढे वाच ना," इताती म्हणाली.

"पुढचं... अक्षर लागत नाहीये."

"स्वतःचंच?"

"स्वतःचंच."

एके दिवशी त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि लापाचोच्या एका पानांनी भरलेल्या फांदीला बांधली. "हे काय खूळ?" इतातीनं विचारलं. "थांब, तेरेरे संपू दे," तो म्हणाला. थर्मास रिकामा झाला तोवर पिशवीच्या आत बारीक थेंब जमले होते. "बघ. मुळांनी प्यायलेलं पाणी पानांनी सोडलं. एवढ्या उंचावर, कुठल्याही पंपाशिवाय." इताती त्या थेंबांकडे बघत राहिली. खरं तर ती थेंबांकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होती, पण ते असो.

भाषा सुटली. साहित्यही सुटलं, तेसुद्धा चांगल्या मार्कांनी. आई टाके घालता घालता म्हणाली, "हल्ली साहित्य फारच आवडायला लागलंय तुला."

"परीक्षा होती गं."

"परीक्षा झाली की. मग आज केस कशाला धुतलेस?"

त्याच दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला. नोट्स पोटाशी धरून दोघं एका बंद टपरीच्या पत्र्याखाली पळाले. पत्रा ताडताड वाजत होता, चिंब मातीचा वास येत होता आणि टपरी इतकी चिमुकली की खांद्याला खांदा लागल्याशिवाय उभंच राहता येत नव्हतं. लिसांद्रोनं तशातही भांडं भरून तिच्या हातात दिलं. ती प्यायली. भांडं परत करायला तिनं हात पुढे केला.

"लिसांद्रो, मला तुझे आभार..."

"शू! भांडं हातात असताना?" त्यानं डोळे मोठे केले. "भांडं परत देताना आभार मानले की बास झालं असा अर्थ होतो. मग मी ओतणं बंद करू?"

"नको..." ती घाईघाईनं म्हणाली. "बंद नको करूस."

त्यानं पुन्हा भांडं भरलं, आणि ह्या वेळी अर्धं पाणी बाहेर सांडलं.

बायॉलॉजीचा दिवस उजाडला. परीक्षा तोंडी. टेबलामागे तीन परीक्षक, मध्ये बायॉलॉजीच्या बेनितेस बाई, आणि टेबलावर जाळीची गोल पेटी. पेटीत लाकडी गोट्या. जितके धडे तितक्या गोट्या, प्रत्येकीवर नंबर. पेटी फिरवायची, दोन गोट्या काढायच्या, त्यातली एक निवडायची आणि त्या धड्यावर बोलायचं. एकदा निवडली की माघार नाही.

इतातीच्या हाताला चार आणि अकरा लागल्या. चार! तिला नाचावंसं वाटलं. लिसांद्रोच्या नोट्समध्ये चार म्हणजे हृदय. तोच तो बटाटा! तिनं क्षणाचाही विचार न करता चार नंबर पुढे केला. मागच्या बाकावर बसून मनाशी उजळणी केली, मग टेबलासमोर येऊन जोरात सुरुवात केली. "हृदयाचे चार कप्पे असतात..."

बेनितेस बाईंनी हात वर केला. "पोरी, हृदय कुठून आणलंस? चार नंबरला वनस्पती आहेत. पाण्याचं वहन."

"बाई, चार म्हणजे..."

"क्रम बदलला यंदा. दारावर कागद लावलाय, वाचला नाहीस?"

इतातीनं दाराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कशाला पाहील? लिसांद्रोनं लिहिलंय म्हणजे ते बरोबरच, इतकी ती त्या कोंबडीच्या पायांवर विसंबली होती. त्याचं नाव जिभेच्या टोकावर आलं. नोट्सच चुकीच्या होत्या, एवढं म्हटलं तरी बाईंना कदाचित दया आली असती.

"माझी चूक, बाई," ती म्हणाली. "एक मिनिट देता?"

तिनं डोळे मिटले. कागद आठवला नाही, अक्षर आठवलं नाही. आठवली ती फांदीला बांधलेली पिशवी. "बाई, पानांनी भरलेल्या फांदीला एक प्लॅस्टिकची पिशवी बांधा," ती हळूच म्हणाली, "आणि तेरेरेचा एक थर्मास संपेपर्यंत वाट बघा..." मग ती बोलतच गेली. मुळं, खोडातल्या बारीक नळ्या, पानांवरची छिद्रं. परीक्षकच ढ आहेत असं समजून तिनं त्यांना सगळं उलगडून सांगितलं. टोकाला बसलेल्या परीक्षकांचा वारा घालायचा हात थांबला.

ती थांबते न थांबते तोच दार धाडकन उघडलं.

"बाई, थांबा! तिला नापास करू नका!" लिसांद्रो धापा टाकत आत आला. बाहेर तिची वाट बघताना वेळ जाईना म्हणून त्यानं दारावरचा कागद वाचला होता. "धड्यांचा क्रम बदललाय, मला माहीत नव्हतं... चूक माझी आहे, तिची नाही!"

"तू कोण बाबा?"

"मी... नोट्सवाला."

बेनितेस बाईंनी चष्मा काढला. "अस्सं! म्हणजे तो तू होय? इतकी वर्षं प्रत्येक पोराच्या तोंडून मी तुझ्याच चुका ऐकत आलेय."

"माफ करा, बाई. हवं तर मला नापास करा. पण तिला नर्स व्हायचंय, आणि ती खरंच चांगली नर्स होईल. ती दुसऱ्याला समजावताना कधी कंटाळत नाही, मी मुद्दाम वेडगळ प्रश्न विचारले तरी..."

"श्वास घे," बाई म्हणाल्या. "ही तुझी कोण लागते?"

लिसांद्रोनं इतातीकडे पाहिलं. त्याचे कान कवितेच्या दिवसापेक्षाही लाल झाले होते.

"ते तिनं ठरवायचंय, बाई," तो म्हणाला. "माझं... माझं ठरून झालंय."

"ती पास झालीय," बेनितेस बाई म्हणाल्या. "तू दार मोडायच्या आधीच. आता दोघंही बाहेर व्हा, पुढच्या पोराला गोटी काढू दे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर लिसांद्रोची गाडी थांबेना. "मी क्रम बघायला हवा होता... काकांकडच्या सगळ्या प्रती आजच काढून घेतो... तुझं वर्ष गेलं असतं, इताती, माझ्यामुळे..."

"गप रे." तिनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तुझ्यामुळे वर्ष वाचलं माझं. आईच्या त्या नर्सचे आभार मानायला गेले, तोवर तिची बदली झाली होती. राहूनच गेलं बघ. तुझं मी राहू देणार नाही. रोज दुपारी आलास, चिडले तरी आलास, त्याबद्दल आभार. मला ढ म्हणाला नाहीस, स्वतःच ढ झालास, त्याबद्दल आभार. आणि आता असा वेड्यासारखा आत घुसलास, त्याबद्दल तर..."

त्यानं हात सोडला नाही. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आणि बाईंचा प्रश्न?"

इतातीनं डोळे पुसले. त्याचा हात सोडून ती वळली, तरातरा चालत गेली आणि परीक्षेचं दार पुन्हा उघडलं. आत पेटीपाशी उभा असलेला मुलगा गोटी हातात धरून दचकला.

"बाई, एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं," ती म्हणाली. "तो माझा आहे."

बेनितेस बाईंनी मान वर केली नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दार लावून घे."