वजाबाकीत उरलेला आवाज

मी आवाज मोजायचं काम करते. मोजता न येणाऱ्या गोष्टींवर बोलायची मला सवय नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय, त्यातला प्रत्येक आकडा त्याच दिवशी माझ्या वहीत नोंदलेला आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

अकरा फेब्रुवारी, रविवार. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरची ऐकण्याची खोली. खिडकी नाही. भिंतींना जाड स्पंज. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो.

इमारतीत मी एकटी होते.

पण आधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. त्यांचा अँप्लिफायर जुना, काचेच्या ट्यूबवर चालणारा, माझ्याहून वयाने मोठा. उचलायला दोन माणसं लागायची. चालू केला की ट्यूब लाल होईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं.

आमची कंपनी तसल्या अँपचा आवाज हुबेहूब काढणारा डिजिटल डबा बनवते. त्याला मॉडेलर म्हणतात. जाडजूड पुस्तकाएवढा. आत ट्यूब नाही, नुसतं गणित.

काका जेवताना हटकून चिडवायचे. तुमचा डबा कधी तापतो का हो, शास्त्रज्ञ बाई? मी नाही म्हटलं की काकूकडे बघून म्हणायचे, न तापता गाणाऱ्याचं काय खरं धरायचं. सगळे हसायचे. मीही हसायचे.

पण ते लागायचं.

शेवटी एकदा मी पैज लावली. काकांनी वाजवलेले बारा तुकडे रेकॉर्ड केले. त्यांच्याच बाहेरच्या खोलीत दोरीवर चादर टाकली, मागे दोन्ही यंत्रं ठेवली. प्रत्येक तुकडा एकदा अँपमधून आणि एकदा मॉडेलरमधून ऐकवायचा, क्रम उलटसुलट. काकांनी फक्त सांगायचं, ट्यूबचा कुठला... पहिला की दुसरा.

काका डोळे मिटून बसले. प्रत्येक जोडीनंतर ठामपणे उत्तर द्यायचे आणि लगेच विचारायचे, "बरोबर?"

बारापैकी अकरा चुकली.

काका हसले. गिटार पुसली, पिशवीत घातली, चेन लावली.

"संपले की गं कान माझे," म्हणाले.

त्याच संध्याकाळी घरी आकडे तपासताना मला चूक सापडली. मॉडेलरचा आवाज दीड डेसिबलने मोठा राहिला होता. तुलना करण्याआधी दोन्ही आवाज समान करायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. जरासा मोठा आवाज कानाला मोठा म्हणून कळत नाही. तो भरदार वाटतो, जिवंत वाटतो. काका त्यालाच ट्यूब समजले. जिंकायच्या घाईत मी मोजलंच नव्हतं.

त्याहून वाईट पुढे आहे.

ज्याला फरक कळतच नाही, त्याची अंदाजपंचे सहाएक उत्तरं बरोबर येतात. अकरा चुकायला फरक स्वच्छ ऐकू यावा लागतो. काकांचे कान शाबूत होते. चुकीची खूण मी लावली होती.

फोन हातात घेतला. नंबरही काढला.

केला नाही.

दोन दिवसांनी ऑफिसात हाच निकाल दाखवायचा होता. 'तीस वर्षांचा वादक फसला,' असं मोठ्या अक्षरांत लिहून मी तो दाखवला. टाळ्या मिळाल्या.

पुढच्या भेटीत सांगू, पुढच्या भेटीत सांगू, असे सात महिने गेले. काकांनी पुन्हा गिटार काढली नाही. अँपही माझ्या ऑफिसला पाठवून दिला. तुला तरी उपयोग होईल, म्हणाले. मी ठेवून घेतला.

जानेवारीत काका गेले. झोपेतच.

म्हणून त्या रविवारी मी ऑफिसला गेले. चाचणी पुन्हा, नीट करायला. कुणासाठी, ते विचारू नका.

अँप तापू दिला. दोन्ही आवाज समान केले, तीनदा मोजून. काकांचे तेच बारा तुकडे दोन्हींतून पुन्हा रेकॉर्ड केले. जोड्यांचा क्रम संगणकाला लावायला सांगितला. खरी उत्तरं शेवटपर्यंत मलाही दिसणार नव्हती.

मग वजाबाकी. दोन आवाज एकमेकांतून वजा करायचे. सारखं असेल ते सगळं नाहीसं होतं. उरतो तो फक्त फरक. बहुधा थोडी खरखर.

पहिली जोडी लावली. हेडफोन घातले.

खरखर...

मग खरखर थांबली.

"दुसरा."

मी हेडफोन काढले. खोलीत कुणी नव्हतं. दार आतून बंद होतं.

जोडीतलं पहिलं रेकॉर्डिंग वेगळं ऐकलं. नुसती गिटार. दुसरं ऐकलं. नुसती गिटार. पुन्हा वजा केलं...

"दुसरा."

घसा खाकरून, 'स'वर जरा जोर देऊन. तसं फक्त काका म्हणायचे.

उठून जायला हवं होतं. मी वही ओढली आणि लिहिलं: जोडी एक, दुसरा.

जोडी दोन, पहिला. जोडी तीन, पहिला...

बाराव्या जोडीपर्यंत सगळी लिहून घेतली. मग संगणकावरची उत्तरं उघडली.

बारापैकी बारा बरोबर.

निव्वळ अंदाजाने हे चार हजार शहाण्णव वेळांत एकदा घडतं.

फाइल संपली होती. पडद्यावरची रेषा सपाट. तरी हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला...

"बरोबर?"

एक शब्द बोलायचा होता. मी अँपची वायर ओढून काढली आणि जिन्याने खाली पळाले.

सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ती फाइल ऐकवली. त्याला खरखर ऐकू आली. मलाही तेवढीच.

त्याच आठवड्यात काकूकडे गेले आणि सगळं सांगितलं. दीड डेसिबल म्हणजे काय, तेही. काकू भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

मग म्हणाली, "शेवटी शेवटी ते एकच गोष्ट चार-चारदा विचारायचे. बेल वाजली का? तू हाक मारलीस का? मी हो म्हटलं तरी पुन्हा विचारायचे. मला वाटायचं, वयामुळे."

ताटली फळीवर ठेवून तिने माझ्याकडे पाठ केली. "त्यांना ऐकू यायचं गं सगळं. खरं वाटायचं नाही."

ते काम मी सोडलेलं नाही. दुसरं येत नाही मला. आजही कुठल्याही दोन यंत्रांची वजाबाकी केली, की खरखर मध्येच थांबते.

"बरोबर?"

मी आता पळत नाही. खोलीत एकटी असले की मोठ्याने सांगते, हो काका, बरोबर. सगळी बरोबर. चूक माझी होती.

थोडा वेळ काहीच नसतं.

मग तोच आवाज, तितक्याच हळू, पुन्हा विचारतो.