रंगाचे अकरा हात

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं, मीही अशा गोष्टींना हसायचे.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख उजेड.

घरामागे आमची पत्र्याची शेड आहे. माझा मोठा भाऊ तिथे जुन्या फर्निचरचा रंग खरवडून पॉलिश करतो. मी शेजारीच मशीनवर खुर्च्यांच्या गाद्या शिवते. दादा कामात पक्का, पण हट्टी. जुन्या रंगावर नवा रंग मारलेला त्याला अजिबात खपत नाही. "अंघोळ न करता नवा शर्ट घातल्यासारखं आहे ते," म्हणतो.

त्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं कपाट आलं होतं. कमरेएवढं, पांढरं. बाई तीनतीनदा बजावून गेल्या.

"खरवडू नका हं. आहे त्यावर फक्त एक हात मारा. दरवर्षी मीच मारते, यंदा खांदा उचलत नाही."

त्यांची पाठ वळताच दादा हसला. "आत चांगलं सागवान गुदमरलंय, बाईंना काय कळतंय! नवंकोरं करून देतो, बघच तू."

त्याने रंग काढायचं औषध लावलं. रंग फुगला. स्क्रॅपर चालू झाला.

खर्रर्र... खर्रर्र...

एकाखाली एक हात निघत गेले. सगळे पांढरेच. दादा मोजत होता. नऊ... दहा... अकरा...

लाकूड दिसलं. दादा घाम पुसायला थांबला.

आवाज थांबला नाही.

खर्रर्र... खर्रर्र...

मी मशीनवरचा पाय काढला. दादाचा स्क्रॅपर जमिनीवर पडलेला होता.

आवाज कपाटाच्या आतून येत होता...

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर एवढा शिस्तीत खरवडतो होय?" दादा म्हणाला. त्याच्या ओठांवर हसू नव्हतं.

त्याने दार उघडलं. आत काहीच नव्हतं. साधी धूळही नाही.

दार लावलं...

खर्रर्र.

दादाने घाईघाईने पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. आवाज बंद झाला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, चहासुद्धा प्यायलो.

सकाळी शेड उघडली, तर कपाट पुन्हा उघडं पडलेलं. लाकूडच लाकूड. आणि आतल्या फळीवर पांढऱ्या रंगाचे पापुद्रे... नीट एका बाजूला सारून ठेवलेले.

गुरुवारी बाई आल्या. उघडं लाकूड बघून मटकन स्टुलावर बसल्या.

"किती निघाले?"

"अकरा."

"आईचे सहा, माझे पाच." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत काय आहे, बाई?" दादाने विचारलं.

"आम्ही कधी इतकं खाली जाऊच दिलं नाही. मला काय माहीत?"

त्या कपाट न घेताच गेल्या. त्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

दादाने कपाट टेम्पोत घालून गावाबाहेर टाकून दिलं. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, आणि दादाच्या खोलीच्या दारातून आवाज यायला लागला.

आतल्या बाजूने...

दादा माझ्या समोर बसला होता. खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन कपाट परत घेऊन आला. ते उतरवताना माझा भाऊ लहान मुलासारखा रडला. "निदान कपाटात तरी राहील गं ते," म्हणाला. "माझंच चुकलं. बाई रंग शोभेसाठी मारतच नव्हत्या."

तेव्हापासून रोज एक हात. वरवर तो दोन तासांत सुकतो, पण दुसरा मारायचा तर आधी पहिला आतपर्यंत वाळावा लागतो. तो तसा वाळेपर्यंत पहाट होते, आणि पहाटे लाकूड उघडं. दोन हात कधी साठतच नाहीत. एवढ्या वर्षांचं कसब, पण दादाला यातून वाट सापडत नाही.

आज एकोणचाळिसावा दिवस. दादाचं मनगट सुजलंय, ब्रश धरवत नाही. आजचा हात सकाळी मी मारला.

पण सकाळपासून आभाळ भरलंय. हवेत ओल आहे. पंखा लावून मी समोर बसून आहे. आत्ताच बोट टेकवून पाहिलं. रंग अजून बोटाला लागला.

इतके दिवस ते पहाटेपर्यंत तरी थांबायचं.

आत्ता दुपारचे साडेतीन वाजलेत...

खर्रर्र.

"वाळला का गं?" घरातून दादाने विचारलं.

मी "हो" म्हटलं.