भुणभुण थांबली तेव्हा

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा, आणि माझ्याबरोबर एका खोलीत या.

कल्पना करा, रविवार आहे. उन्हं कलायला लागली आहेत. भुताच्या गोष्टीला रात्र लागते, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होतो. पण हे घडलं ते ढळढळीत उजेडात. आमच्या राहत्या घरात, मागच्या खोलीत. ऐकीव नाही. मी स्वतः तिथे होतो, आणि एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

खोली लहान आहे. एका भिंतीला लोखंडी खाट, खिडकीखाली टेबल. मधल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. इकडे चमचा पडला तरी तिकडे ऐकू जातं.

टेबलावर एक जुना गिटारचा ॲम्प्लिफायर पाठ उघडून ठेवला आहे. लाकडी खोका, पुढे जाळीदार कापड, आत काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की ते विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे लाल होतात.

टेबलाशी स्टुलावर माझी नात बसली आहे. घरात तिला पिपाणी म्हणतात. एकदा वाजायला लागली की थांबत नाही, म्हणून.

तो ॲम्प तिच्या मामाचा. म्हणजे माझ्या मुलाचा.

तो प्रवासी जहाजांवर बँडमध्ये गिटार वाजवायचा. एकदा कुठल्याशा बंदरातून फोन आला. ही नोकरी सोडतोय, दुसरं जहाज बघतोय, ठरलं की कळवतो.

त्याने कळवलं नाही.

वर्षं गेली. आम्ही त्याच्या कंपनीला विचारलं, पोलिसांना विचारलं, मित्रांना विचारलं. तो आहे असं कोणी म्हणेना, आणि नाही असंही कोणी म्हणेना.

पिपाणीची आजी मात्र ठाम. आमची मुलगी, पिपाणीची आई, तिला किती वेळा म्हणाली, आई, तुझे गुडघे गेलेत, जिने चढवत नाहीत, आमच्याकडे राहायला चल. हिचं उत्तर एकच.

"त्याला हाच पत्ता ठाऊक आहे."

माझी बायको या एका वाक्यावर उभी आहे, मुलांनो. ते वाक्य काढून घेतलं तर ती कशावर उभी राहील, मला माहीत नाही.

ॲम्प दुरुस्त करायचं तिनेच काढलं. "अहो, त्याचा तो डबा कधीचा कण्हतोय. आल्यावर बघेल तर काय म्हणेल? बाप घरात मेकॅनिक, आणि ही तऱ्हा."

म्हणून आम्ही बसलो होतो. मी आणि पिपाणी.

त्याची घरी राहिलेली जुनी गिटार वायरीने जोडली आणि ॲम्प चालू केला. खोली आवाजाने भरली.

"कान दे," मी म्हणालो. "किती आवाज आहेत?"

"एकच. घाणेरडा."

"नीट ऐक. खालून, पोटातून येतोय तो हूंऽऽ. आणि त्याच्यावर माशी बसल्यासारखी ती भुणभुण. दोन वेगळे चोर आहेत."

"मग आधी कुणाला पकडायचं?"

"पकडायचं नंतर. आधी कुठून आलास ते विचारायचं. आवाजाचं बटण पूर्ण खाली आण."

तिने आणलं. भुणभुण गेली. हूं तसाच राहिला.

"बघ. हूं घरातला आहे, ॲम्पच्या पोटातला. भुणभुण पाहुणी आहे. ती गिटारच्या वाटेने आत येते."

घरातल्याला शोधणं सोपं होतं. जुन्या यंत्रात एक कंडेन्सर असतो, विजेची लहानशी टाकीच म्हणा. तो वाळला की असा हूं येतो. मी प्लग काढला, टाकीत उरलेली वीज आधी उतरवली, मगच हात घातला. तोही एकच हात. दुसरा पाठीमागे. प्लग काढल्यावरही त्या टाकीत माणूस मरेल एवढी वीज राहते, तेव्हा तुम्ही हे एकट्याने कधी करायचं नाही. पिपाणीने लगेच स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि नाकानेच ॲम्पकडे खूण करून म्हणाली, "आता हे जोडा."

नवा कंडेन्सर बसवला. हूं गेला.

भिंतीपलीकडून हिचा आवाज आला, "झालं का?"

"पाच मिनिटं."

"तुमच्या पाच मिनिटांत मी दोनदा स्वयंपाक केलाय आजवर."

आता पाहुणीची पाळी. मी बटण वर केलं. भुणभुण आली. गिटार पिपाणीच्या मांडीवर दिली.

"तारांवर तळहात ठेव. नुसता टेकव."

तिने टेकवला. भुणभुण थांबली. उचलला, आली. टेकवला, थांबली. पिपाणी हरखूनच गेली.

"माझ्या हातात काय आहे, आजोबा?"

"काही नाही. आपल्या भोवती सगळीकडे वायरी आहेत, ट्यूबलाइट आहे. त्यांची भुणभुण आपलं अंग गोळा करतं आणि गिटारला देतं. गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. तू हात लावलास की तुझ्या अंगातली भुणभुण तिकडून जमिनीत उतरते. म्हणून वाजवणारा माणूस हात टेकवूनच बसतो."

"म्हणजे आवाज थांबला की समजायचं, कोणीतरी हात ठेवला?"

"अगदी बरोबर."

मी अगदी बरोबर म्हणालो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पिपाणीने गिटार खाटेवर ठेवली आणि व्हॉल्व्ह बघायला टेबलाशी आली. आम्ही दोघं ॲम्पकडे तोंड करून. खाट पाठीमागे. भुणभुण चालू.

आणि मग...

भुणभुण थांबली.

बंद पडली नाही. बंद पडणं वेगळं असतं. फ्यूज उडाला की आवाज तुटतो. ही हळूच थांबली. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर कोणी हात ठेवावा, तशी.

"पिपाणी, हात लावलास?"

"मी इथेय ना."

ती माझ्या शेजारीच होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून.

व्हॉल्व्ह लाल होते. दिवा चालू होता. मी मागे वळून पाहिलं. खाटेवर गिटार पडली होती. जवळ कोणी नव्हतं.

भुणभुण परत आली.

"शेजारी कोणी पंखा बंद केला असेल," मी म्हणालो.

"आणि परत चालू केला?"

"केला असेल."

मी उठून आमची ट्यूबलाइट बंद केली. आवाज जरा बारीक झाला, पण राहिला. म्हणजे दोष ट्यूबलाइटचा नव्हता. मी स्टुलावर बसतो न बसतो तोच...

पुन्हा थांबली.

या वेळी बराच वेळ.

एक लक्षात आलं. पिपाणी बोलत नव्हती. मी तिला कधी इतका वेळ गप्प पाहिलेलं नाही.

मग मला जे येतं ते मी केलं. वायर बदलली. प्लग हलवून पाहिला. ब्रशच्या लाकडी दांडीने एकेका व्हॉल्व्हवर टकटक केलं. गिटारची मागची पट्टी उघडून अर्थिंगची तार मीटर लावून तपासली. कुठेतरी सैल सांधा असेल. गंज असेल. आपोआप जुळत असेल, आपोआप सुटत असेल. तो सापडावा म्हणून मी घामाघूम झालो.

सांधे सगळे पक्के होते. तार शाबूत होती.

जन्मभर मी वस्तू नीट निघावी म्हणून धडपडलो. त्या दिवशी ती नीट निघाली, आणि मी तीच तार पुन्हा तपासली.

पट्टी बसवली, गिटार पुन्हा खाटेवर ठेवली आणि लांब उभा राहिलो. भुणभुण चालू होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "चहा गाळलाय. या आता."

आणि...

भुणभुण थांबली.

आली.

थांबली.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. माझा मुलगा या खोलीत वाजवत बसायचा. आई जेवायला हाक मारायची. हा तोंडाने कधी ओ द्यायचा नाही. तारांवर हात ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. पलीकडे तिला भुणभुण तुटलेली ऐकू जायची. त्याचा अर्थ, आलो. ती वैतागायची, हसायची, आणि ताट वाढायला घ्यायची. ही गोष्ट तिने पिपाणीलाही कितीदा सांगितली होती.

आजही ती चहाला हाक मारते तेव्हा मी कप घ्यायच्या आधी त्या भिंतीकडे बघतो.

स्वयंपाकघरात चमचा वाजत होता. तो वाजायचा थांबला.

पिपाणीने माझी बाही ओढली. अगदी हळू म्हणाली, "मामा आलाय?"

"आला असता तर दारातून आला असता ना गं."

मला तिला धीर द्यायचा होता. पण मुलं वाक्य पुढे नेतात. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग गिटारकडे.

"मग आता दारातून येणार नाही का?"

तो इथे असेल, तर तो तिथे कुठेच नव्हता. कुठल्याच बंदरात नाही, कुठल्याच जहाजावर नाही. आणि पलीकडे त्याच्या आईनेही तेच ऐकलं होतं.

पावलं वाजायला लागली. तिची पावलं मी अंधारातही ओळखीन. एक टेकतं, दुसरं ओढलं जातं. भिंतीला धरून ती येत होती.

"अहो..." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "हात कोणी ठेवला?"

प्लग ओढावा असं मनात आलं. माझा हात तिथवर गेलाही. पण ओढवेना. ओढला असता तर खाटेवरचा तो हातही गेला असता. तोही माझाच मुलगा होता.

पावलं दाराशी पोचली.

पिपाणी टेबलापासून निघाली. घाई नाही, धावणं नाही. खाटेवर जाऊन बसली, गिटार मांडीवर घेतली आणि तारांवर हात धरला.

आजी चौकटीला धरून उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मी, आजी," पिपाणी म्हणाली. "मामासारखं केलं. फसलीस की नाही?"

आजीने श्वास सोडला. इतका लांब, की किती वर्षं तिने तो धरून ठेवला होता असं वाटावं.

"काळजाचं पाणी केलंस गं माझ्या. अशी थट्टा करू नये बाळा." पदराने तिने डोळे टिपले, आणि मग चक्क हसली. "येऊ दे त्याला. तुझं नाव सांगते."

"सांग."

"चहा निवतोय. चला."

पावलं परत गेली. एक टेकत, एक ओढत. पलीकडे चमचा पुन्हा वाजायला लागला.

मी पिपाणीकडे पाहिलं. तिला शाबासकी द्यायची होती.

भुणभुण अजून थांबलेलीच होती.

आणि तेव्हा मला दिसलं... तिचा तळहात तारांना टेकलेला नव्हता. तो दोन बोटं वर होता. जरा गोलसर. कुणाच्या तरी हातावर ठेवावा, तसा.

मी काही म्हणणार, तोच पिपाणीने मानेनेच नको म्हणून खुणावलं.

मग हात जागचा न हलवता ती खाटेवर थोडी सरकली, आणि शेजारी बसायला जागा करून दिली.