शिवेवरची पांढरी पट्टी

सीमाभागातल्या शहापुरात, साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर दीपंकरचं ऑफिस होतं. खालच्या गल्लीत माग खडखडत, वर दीपंकर गावं जोडत बसे. प्रत्येक गावाची फाइल वेगळी, अशा बेचाळीस फायली. त्या कडेला कड लावून बसवायच्या आणि मोबाइलवर दिसणारा नकाशा चौकोनी तुकड्यांत काढायचा, एवढंच काम. त्याचा आजा शिवेचे दगड तोंडपाठ सांगे, तेव्हा त्याला शिळी भाकरी मिळे. नातू तेच काम पगारावर करी. म्हणजे प्रगती झालीच होती.

घोडं अडलं ते बोरगावजवळच्या त्याच्याच गावाशी. पलीकडचं गाव दुसऱ्या राज्यात. दोन सरकारांनी एकच शीव दोनदा मोजली होती आणि ती दोन्ही वेळा वेगळ्या जागी सापडली होती. मध्ये वीस फुटांची पांढरी पट्टी उरली.

"बुजव ती," त्याच्या वरिष्ठ सुविधा मॅडम म्हणाल्या. "नकाशात कोरं दिसलं तर काम परत येईल. पाचच्या आत पाठवायचंय."

दीपंकरनं आधी वडिलांना फोन लावला. सिद्राम आप्पा निवृत्त मास्तर. शिवेलगतच्या घरात एकटेच राहत.

"चूक नव्हं ती," आप्पा म्हणाले. "ती जागा मोकळीच असती. कुणाला काय लागिरलं, की दोन्ही गावं ते शिवेपार टाकायची. ह्यांनी तिकडं, त्यांनी हिकडं. भुताची भीती गावाला, आन् उताऱ्याची टोपली मातर तुझ्या आज्याच्या डोक्यावर!"

"तुम्ही मानताय व्हय, आप्पा?"

"छ्या! भूतबित काय न्हाय. पर वीतभर बांधासाठी डोकी फोडणारी माणसं हायती ही. ती पट्टी कुणी नांगरलेली न्हाय, एवढं खरं."

दीपंकर हसला. त्यानं दोन्ही गावांच्या कडा ओढल्या आणि एकमेकींना चिकटवल्या. दुपारचे तीन वाजले होते. खालचे माग एकाएकी थांबले. माडीवर ओल्या राखेचा वास आला.

एकेक तुकडा पडद्यावर उमटू लागला. शीव स्वच्छ होती. पांढरं मात्र आता गावाच्या मधल्या गल्लीत आलं होतं. तेवढंच, वीस फूट. त्यानं फाइल उघडली. तिच्यात गल्ली होती, घरं होती. पुन्हा नकाशा काढला, तर पांढरं चार घरं शिवेच्या दिशेनं सरकलेलं. तिसऱ्यांदा काढला, तेव्हा ते एका घराला चारी बाजूंनी वेढून बसलं होतं.

ते घर कुणाचं, हे बघायला फाइल उघडायची गरज नव्हती.

फोन बराच वेळ वाजला.

"आप्पा, बरं हाय न्हवं?"

"व्हय…" आवाज अगदी दबका. "दीपा, दारातनं रस्ता दिसंना रं. ऊन हाय… पर रस्ता न्हाय."

"दार लावून घ्या!"

"लावलंय. पर ती आतच आल्यात…"

"कोण?"

नुसती पावलं ऐकू येत होती. पुष्कळ पावलं, रेशनच्या रांगेत सरकावीत तशी, हळूहळू.

"दोन्ही गावची हायती," आप्पा कुजबुजले. "सरका, म्हणत्यात… जागा द्या, म्हणत्यात…"

फोन कटला.

दीपंकरनं जुन्या फायली परत घातल्या. पट्टी शिवेवर गेली. घरापुढं रस्ता उमटला.

"अरे, पुन्हा पांढरं?" सुविधा मॅडम पाठीमागून म्हणाल्या.

"राहू द्या, मॅडम. काम गेलं तर जाऊ द्या." आणि तो जिना उतरलासुद्धा.

निपाणीहून वडापची जीप मिळून गावात पोचेस्तोवर दिवेलागण झाली. रस्ता जागेवर होता. दार उघडं होतं. आत आप्पा बाजेवर बसलेले, धडधाकट. दीपंकरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पट्टी परत सोडली मी, आप्पा. गेली न्हवं समदी?"

"गेली…" आप्पा म्हणाले. "बरीचशी."

ते बाजेच्या अगदी कडेला बसले होते, पडता पडता राहिल्यासारखे. बाकीची बाज रिकामी होती. दीपंकर तिच्यावर टेकायला वाकला, तसा आप्पांनी झटकन हात आडवा घातला.

"तिथं न्हाय रं…"

रिकाम्या बाजेचं सुंभ ताणून ताणून जमिनीला टेकलं होतं.