गालावरची रेघ

रोमच्या सम्राटाचा चेहरा अमर असतो. टांकसाळीत तो साधारण दहा हजार घाव टिकतो. मग ठसा बदलतात.

थल्लुसा खाजगी तपास करणाऱ्या फादियसकडे आली. तिचा नवरा हर्मास टांकसाळीत घण मारायचा. उद्या सकाळी त्याला सिंहांपुढे सोडणार होते.

"म्हणे त्यानं सम्राटांना मारलं, साहेब. नाण्यावर!"

टांकसाळीचा अधिकारी अल्बिनियस याने तो चांदीचा दिनार दाखवला. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला आत्मा घेऊन उडणारा गरुड. गरुड मिळतो तो मरून देव झालेल्यांना. हे सम्राट तर सिरियात, सरकारी माहितीनुसार ठणठणीत होते.

"हर्मासनं काल सकाळी पाडलं. गरुडाचा ठसा जुना, महाराणी वारल्या तेव्हाचा. जुन्या ठशांची पेटी उघडीच असते."

फादियसचा सोबती लुर्को, निवृत्त शिपाई, नाणं निरखत म्हणाला, "सम्राट थकले रे. गालावर सुरकुती पडलीय."

"तुझ्या अकलेवर पडलीय," अल्बिनियस खेकसला. मागे खिडकीत त्याचा काळा सुतकी झगा उन्हात टांगला होता. फादियसने तिकडे पाहिलं.

"कसर लागते," अल्बिनियस म्हणाला.

ठसे कोरणारा निकियास चिडलेलाच होता. "काल दुपारी चेहऱ्याचा ठसा तडकला, तसा घण हर्मासच्या अंगठ्यावर. त्या घावाचं नाणं मीच भट्टीत टाकलं. तो शिव्या घालत वैद्याकडे गेला. शिपायांनी तिथूनच उचलला."

"तडकलेला ठसा?"

"साहेबांकडे. सम्राटांचं तोंड फोडायची आमची काय टाप? ते साहेबच फोडतात."

संध्याकाळी न्यायाधीशापुढे फादियसने दिनार ठेवला.

"ठशाला तडा गेला की नाण्यावर रेघ उठते. लुर्कोची सुरकुती ती हीच. म्हणजे नाणं तडा गेल्यानंतरचं. तेव्हा हर्मास वैद्याकडे होता आणि ठसा अल्बिनियसकडे."

"पण तो कशाला असलं करील?" लुर्को म्हणाला.

"घाई, बाबा. सम्राट आजारी असल्याचं त्याला गुपचूप कळलं. नव्या सम्राटापुढे गरुडाचा पहिला नमुना आपलाच हवा. सुतकाचा झगाही तयार. नमुना चुकून चांगल्या नाण्यांत गेला, पकडला गेला. मग हर्मासचं नाव."

अल्बिनियस पांढराफटक पडला. "पत्रात नुसता ताप लिहिला होता!"

त्याला बेड्या पडल्या. हर्मास सुटला. थल्लुसाने आधी त्याचा अंगठा पाहिला, मग त्याच्या पाठीत एक धपका घातला.

तिसऱ्या दिवशी सिरियाहून घोडेस्वार आला आणि अल्बिनियसही सुटला. नाणं पडलं त्याच्या वीस दिवस आधीच सम्राट हगवणीने वारले होते.