नेपाळच्या सहलीचा विमा

“पावणं, जरा एवढं वाचून दावता का? चष्मा घरी ऱ्हायला.”

शशिधररावांनी मान वर केली. शिवाजी पेठेतल्या सयाजीच्या विमा कचेरीत, शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन टेकल्या होत्या. साठी उलटलेली, कपाळावर भस्माची पुसट रेघ, अंबाड्यात अबोलीची चार फुलं, हातात विम्याचा कोरा अर्ज. शशिधररावांचं सगळं आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलं होतं. तरी कोणी असं थेट डोळ्यांत बघून काही मागितलं, की त्यांची अजून तारांबळ उडायची.

“वाचतो की... लिहूनही देतो,” ते म्हणाले, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून घाईनं अर्ज हातात घेतला.

बाईंचं नाव नीलम्मा. दोघंही एकाच सहलीला निघालेले— नेपाळ, मुक्तिनाथ, बारा दिवस. साठीपुढच्यांचं नाव सहलवाले विम्याशिवाय पक्कं करत नव्हते.

“आधीपासूनचे आजार?” शशिधररावांनी दबक्या आवाजात विचारलं.

“लिवा. बीपी हाय, शुगर हाय, थायरॉईड हाय. आन् गुडघं... त्यास्नी रकाना नसंल तर कडंला लिवा.”

आवाज पार रस्त्यावर गेला. शशिधररावांना हसू फुटलं. त्यांना हसताना बघून त्याही हसल्या, आणि हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

“आता तुमचं सांगा.”

दोन वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला स्टेंट. मांडीवरच्या पिशवीत इन्सुलिन. सांगायला तोंड उघडलं... पण त्या बघत होत्या.

“वय बहात्तर. आजार... काही नाही,” ते म्हणाले. “तसं... काहीच नाही.” आणि स्वतःच्या अर्जातही तेच लिहिलं.

“बहात्तराव्या वर्षी? नशीबवान हाय बघा.”

सयाजीनं दोन्ही अर्ज चाळले. शशिधररावांना सगळ्यात स्वस्त पॉलिसी, नीलम्मांना तिप्पट. “सोमवारी सहीला या,” तो म्हणाला.

पायरी उतरताना नीलम्मांनी पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. “सून एकटीला सोडंना झालीया मला. माझ्या गोळ्यांची नावं आन् तिचा नंबर हाय ह्यात. तुमच्यापाशी असू द्या. बसमदी शेजारी बसा. धडधाकट माणूस संगं हाय म्हटलं की तिची काळजी मिटंल.”

बोटं बोटांना जरा लागली. शशिधररावांनी चिठ्ठी घेतली.

तीन दिवस ती सदऱ्याच्या खिशात राहिली. आणि डोळ्यांसमोर एकच चित्र— डोंगरावर आपण आडवे पडलोय, आणि ही बाई दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून आपल्या खिशात स्वतःच्याच सुनेचा नंबर शोधतेय. कोणासमोर ऐट मारण्यासाठी ते असं खोटं याआधी कधी बोलले नव्हते. आणि सुरुवात केली ती या वयात. आरशासमोर दाढी करताना स्वतःकडे बघवेना.

सोमवारी नीलम्मा आधीच येऊन बसल्या होत्या. सयाजीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. शशिधरराव उभ्या-उभ्याच बोलले.

“माझा अर्ज खोटा आहे. मला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेतो. हृदयात स्टेंट आहे.”

“काय वो शशिधरराव,” सयाजीनं कपाळाला हात लावला. “असलं दडवून, डोंगरावरनं खाली आणायला हेलिकॉप्टर लागलं असतं, तर कंपनीनं दमडी दिली नसती. बसा. तुमच्या पेन्शनला झेपंल असं कुठं मिळतंय का बघतो.” तो फोन घेऊन आत गेला.

नीलम्मांनी हात पुढं केला. “चिठ्ठी द्या.”

त्यांनी दिली. ती पर्समध्ये गेली, पर्सची चेन लागली. आता निघून जावं असं त्यांना वाटलं... पण ते शेजारच्या खुर्चीत टेकले.

“डॉक्टर जा म्हणालेत काय?”

“हो. सावकाश चढा म्हणाले.”

“मग माझ्याशी खोटं का बोलला?”

खाली बघत, अगदी कानाशी बोलल्यासारखं ते म्हणाले, “तुम्ही शेजारी बसला होतात... म्हणून.”

त्यांनी चोरून वर पाहिलं. नीलम्मा रस्त्याकडं बघत होत्या, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“उद्यापासनं सकाळी सहाला रंकाळा तळ्यावर या,” त्या तिकडंच बघत म्हणाल्या. “चालायची सवय पायजे.”

“येतो. पण... मी हळू चालतो.”

“मग मला तरी कुठं घाई हाय?”